व्होल्टेज उतरले, तर मोटार का जळते?

१९८६ सालची गोष्ट. मांजरीजवळच्या एका माध्यमिक शाळेत मी दहावीला विज्ञान शिकवत होतो. तेव्हा मांजरी म्हणजे पुण्याजवळचे एक खेडेच होते. मुळा-मुठेचा काठ, ऊस, द्राक्षांचे मांडव, आणि पुणे-दौंड मार्गावरचे छोटेसे रेल्वे स्थानक. वर्गातली निम्मी मुले शेतकऱ्यांची. सकाळी शेतावर मोटार चालू करून शाळेत यायची आणि शाळा सुटली की पुन्हा बारे धरायला जायची.

त्या दिवशी मी ओहमचा नियम शिकवला. विभवांतर वाढले की विद्युतधारा वाढते, विभवांतर कमी झाले की धारा कमी होते. फळ्यावर दोन उदाहरणे सोडवली आणि सवयीने विचारले, "काही शंका?" मागच्या बाकावरचा एक मुलगा उभा राहिला.

"सर, व्होल्टेज कमी झालं की करंट कमी होतो ना?"

"हो."

"मग व्होल्टेज उतरलं की आमची मोटार का जळते? करंट कमी झाल्यावर ती उलट थंड राहायला पाहिजे."

वर्ग हसला. मी मात्र हसू शकलो नाही. त्याच्या वडिलांची मोटार आठ दिवसांपूर्वीच जळाली होती. ती भरून आणायला पैसे लागले होते आणि तोवर ऊस वाळत होता. त्याचा प्रश्न पुस्तकातून आलेला नव्हता. मी अंगावरची चादर ओढावी तसे उत्तर ओढून घेतले : "अरे, वायरिंग जुनं असेल, कुठेतरी शॉर्ट झालं असेल." तो "बरं सर" म्हणून खाली बसला. त्याला उत्तर पटलेले नव्हते आणि खरे सांगायचे तर मलाही नव्हते.

तो प्रश्न माझ्या मनात कित्येक वर्षे ठाण मांडून बसला. त्याचा शोध घेताना मला जे उमगले ते थोडे लाजिरवाणे होते. पदवी परीक्षेत वीज आणि चुंबकत्वाच्या पेपरात मला उत्तम गुण होते. सूत्रे तोंडपाठ होती, गणिते चुकत नव्हती. पण वीज नेमकी काय करते याचे माझ्या मनातले चित्र बऱ्याच ठिकाणी चुकीचे होते. आणि तेच चित्र मी दर वर्षी एका नव्या वर्गाच्या हाती देत होतो.

हे माझ्या एकट्याचेच होते असेही नाही. एका शिक्षक-प्रशिक्षण वर्गात आम्हा विज्ञान शिक्षकांच्या हातात एकेक बॅटरीचा सेल, टॉर्चचा एक छोटा दिवा आणि तारेचा एकच तुकडा ठेवण्यात आला. सांगितले, दिवा लावा. होल्डर नाही, दुसरी तार नाही. आमच्यापैकी अनेकांनी दिव्याचे बूड सेलच्या टोकावर टेकवले, तार दुसऱ्या टोकाला लावली आणि तिचे मोकळे टोक दिव्याच्या बुडालाच लावले. दिवा लागेना. दिव्याला दोन टोके असतात, एक बुडाशी आणि दुसरे त्याच्या धातूच्या कड्याला, हे रोज परिपथाच्या आकृत्या काढणाऱ्या आम्हा मंडळींच्या ध्यानातच येत नव्हते. पुढे कळले की अमेरिकेत याच प्रयोगावर एक माहितीपट निघाला होता. १९९७ सालच्या त्या चित्रफितीत एम.आय.टी.सारख्या नामांकित संस्थेतून नुकतीच पदवी घेतलेली मुले हातात सेल, दिवा आणि तार घेऊन गोंधळलेली दिसतात. तेव्हा जरा हायसे वाटले, पण प्रश्न सुटला नाही.

आता आणखी एक कोडे पाहा. तीन सारखे सेल घ्या आणि पाच सारखे दिवे. पहिल्या सेलला एकच दिवा जोडा. दुसऱ्या सेलला दोन दिवे एकसर, म्हणजे एकापुढे एक जोडा. तिसऱ्या सेलला दोन दिवे समांतर, म्हणजे प्रत्येक दिवा स्वतंत्रपणे सेलच्या दोन्ही टोकांना जोडा. आता पाच दिव्यांचा तेजस्वीपणाप्रमाणे क्रम लावा. गणित करायचे नाही, फक्त विचार करायचा.

वॉशिंग्टन विद्यापीठातील लिलियन मॅक्डरमॉट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हा प्रश्न हजाराहून अधिक विद्यार्थ्यांना विचारला. विद्यापीठात भौतिकी शिकणाऱ्या विद्यार्थ्यांपैकी सुमारे १५ टक्क्यांनाच क्रम बरोबर लावता आला आणि हा धडा शिकवून झाल्यावरही त्यात फारसा फरक पडला नाही. माध्यमिक शाळांतल्या भौतिकीच्या शिक्षकांची गतही तशीच निघाली. बरोबर उत्तर असे : एकटा दिवा आणि समांतर जोडलेले दोन्ही दिवे सारखेच तेजस्वी. एकसर जोडलेले दोन्ही दिवे त्यांच्यापेक्षा मंद, पण एकमेकांशी सारखे.

चुका कुठे होतात? पहिली चूक अशी की एकसर जोडणीतला पहिला दिवा थोडी वीज 'खातो' आणि उरलेली दुसऱ्याला मिळते, म्हणून दुसरा मंद. दुसरी चूक अशी की सेल नेहमी ठरावीकच धारा देतो आणि समांतर जोडणीत ती दोघांत वाटली जाते, म्हणून ते दोघे मंद. मी स्वतः ही दोन्ही वाक्ये वर्गात उच्चारलेली आहेत. दोन्ही चूक आहेत. धारा कुठेही खर्च होत नाही. जितकी जाते तितकीच परत येते. आणि सेल किती धारा देणार हे एकट्या सेलवर ठरत नाही, त्याला काय काय आणि कसे जोडले आहे यावर ठरते.

"मग खर्च काय होतं?" असे कोणी विचारले की मी हल्ली रसवंतीगृहाचे उदाहरण देतो. मांजरी-हडपसरच्या रस्त्यावर उसाचे चरक आपण सगळ्यांनी पाहिले आहेत. बाजूला मोटार, मध्ये पट्टा आणि पलीकडे चरक. पट्टा मोटारीकडून चरकाकडे जातो आणि पुन्हा मोटारीकडे येतो. ऊस पिळताना पट्टा तसूभरही कमी होत नाही. जितका गेला तितकाच परत येतो. तरीही त्या पट्ट्यानेच मोटारीची शक्ती चरकापर्यंत पोहोचवलेली असते. विद्युतधारा म्हणजे हा पट्टा. आपण बिल भरतो ते पट्ट्याचे नव्हे, पोहोचवलेल्या ऊर्जेचे.

याच उदाहरणातून आणखी एक गैरसमज दूर होतो. बटण दाबताच दिवा लागतो, म्हणून तारेतले इलेक्ट्रॉन प्रकाशाच्या वेगाने धावतात असे आपण समजतो. वस्तुस्थिती गमतीची आहे. एक चौरस मिलिमीटर जाडीच्या तांब्याच्या तारेतून एक अँपिअर धारा वाहत असेल, तर इलेक्ट्रॉन सरासरीने सेकंदाला सुमारे ०.०७ मिलिमीटर सरकतात. एक मीटर पुढे जायला त्यांना जवळजवळ चार तास लागतील. घरातल्या विजेत तर धारेची दिशा सेकंदाला शंभर वेळा बदलते, त्यामुळे इलेक्ट्रॉन जागच्या जागी थरथरत असतात. तरी दिवा लगेच का लागतो? मोटार सुरू होताच पट्ट्याचा प्रत्येक भाग जवळपास एकाच वेळी हलू लागतो, म्हणून. अर्थात उपमा कितीही चांगली असली तरी तिला कुंपण असते. ऊर्जा खरे तर तारेभोवतीच्या विद्युत आणि चुंबकीय क्षेत्रातून पोहोचते, आणि ते पट्ट्याच्या उदाहरणात दिसत नाही. पण निदान 'वीज खाल्ली जाते' हे भूत त्याने उतरते.

आता चुंबकाकडे वळू. चुंबक सगळ्या धातूंना ओढतो असे अनेकांना वाटते. घरात करून पाहा. रुपयाचे स्टीलचे नाणे चिकटेल, जुने ॲल्युमिनियमचे दहा पैसे चिकटणार नाहीत. तांब्याचा तांब्या आणि पितळेची परातही चिकटणार नाही. इतकेच काय, निकेल असलेले चांगल्या प्रतीचे स्टेनलेस स्टीलही सहसा चिकटत नाही.

त्याहून खोलवरचा गैरसमज म्हणजे चुंबकाचे ध्रुव आणि विद्युतप्रभार यांची गल्लत. धन आणि ऋण, उत्तर आणि दक्षिण, दोन्हीकडे सजातीय दूर लोटतात आणि विजातीय ओढतात. ऐकायला सारखेच. म्हणून धनप्रभार चुंबकाजवळ ठेवला तर तो एका ध्रुवाकडे ओढला जाईल असे आपण मानतो. अमेरिकेतील चार प्राध्यापकांनी २००१ मध्ये वीज आणि चुंबकत्वाच्या आकलनाची ३२ प्रश्नांची एक चाचणी प्रसिद्ध केली. तिच्यात चुंबकीय क्षेत्रात स्थिर ठेवलेल्या प्रभाराचे काय होईल असा एक प्रश्न आहे. उत्तर : काहीही होणार नाही. प्रभार हलत असेल तरच चुंबकीय बल लागू होते, आणि तेही त्याच्या गतीला काटकोनात. १८२० साली डेन्मार्कच्या ओरस्टेड यांनी तारेतून धारा सोडली तेव्हा होकायंत्राची सुई तारेकडे ओढली गेली नाही की दूरही लोटली गेली नाही. ती तारेला आडवी वळली. या आडवेपणानेच तेव्हाचे विद्वान चक्रावले होते.

तिसरा गैरसमज मोठमोठ्यांनाही झालेला आहे, म्हणून तो जरा तपशिलाने सांगतो. धारेमुळे चुंबकत्व निर्माण होते, तर चुंबकामुळे धाराही निर्माण झाली पाहिजे, हे ओरस्टेडनंतर अनेकांनी ओळखले. जिनिव्हाच्या कोलाडन यांनी १८२५ मध्ये तारेचे वेटोळे आणि चुंबक घेऊन प्रयत्न केला. चुंबकाचा परिणाम थेट गॅल्व्हॅनोमीटरच्या सुईवर होऊ नये म्हणून त्यांनी तो लांब तारांनी दुसऱ्या खोलीत नेऊन ठेवला. असे सांगतात की ते वेटोळ्यात चुंबक ठेवत आणि मग दुसऱ्या खोलीत सुई पाहायला जात. ते पोहोचेपर्यंत सुई हलून पुन्हा शून्यावर आलेली असे! चुंबक नुसता जवळ असून भागत नाही, चुंबकीय क्षेत्र बदलत असावे लागते, आणि ते बदलत असते तेवढाच वेळ धारा वाहते. हे अखेर मायकेल फॅरडे यांच्या हाती लागले, २९ ऑगस्ट १८३१ रोजी. तेही अनेक वर्षांच्या फसलेल्या प्रयत्नांनंतर.

फॅरडे यांचा हा शोध आपण परीक्षेत दोन गुणांसाठी लिहितो. पण माझ्या त्या विद्यार्थ्याच्या प्रश्नाचे उत्तर नेमके इथेच दडलेले होते.

खेळण्यातली एक छोटी मोटार घ्या. ती सेलला जोडताना मध्ये एक छोटा दिवा एकसर जोडा. मोटार मोकळी फिरत असताना दिवा मंद असेल. आता तिचा दांडा दोन बोटांत धरून अडवा. दिवा एकदम उजळतो! मोटार थांबली आणि धारा वाढली. कारण चुंबकाजवळ फिरणारे वेटोळे एकाच वेळी मोटार असते आणि जनित्रही असते. फिरताना त्यात उलट दिशेचे विभवांतर तयार होते आणि ते आत येणाऱ्या धारेला आवर घालते. वेग जितका जास्त तितका आवर जास्त. मोटार मंदावली की लगाम सुटतो आणि धारा वाढते.

शेतावरच्या पंपाची मोटार वेगळ्या जातीची असते, पण तत्त्व तेच. तिच्या बाहेरच्या वाइंडिंगमध्ये तीन फेजमुळे फिरते चुंबकीय क्षेत्र तयार होते. साध्या दोन ध्रुवांच्या मोटारीत ते मिनिटाला ३००० फेरे घेते. आतल्या फिरणाऱ्या भागाला एकही तार जोडलेली नसते. क्षेत्र त्याच्यापेक्षा थोडे पुढे पळत असते, म्हणजे त्याच्या दृष्टीने ते सतत बदलत असते, आणि फॅरडेच्या नियमाने त्यात धारा तयार होते. त्या धारेवरच त्याला फिरवणारे बल लागते. आता व्होल्टेज उतरले की क्षेत्र दुबळे होते. पाणी तर तेवढेच उचलायचे असते. मग फिरणारा भाग मागे पडतो, क्षेत्राच्या आणि त्याच्या वेगातला फरक वाढतो, त्यातली धारा वाढते आणि तितकी वाढीव धारा वाइंडिंगला बाहेरून ओढून घ्यावी लागते. उष्णता धारेच्या वर्गाच्या पटीत वाढते. धारा दुप्पट झाली तर उष्णता चौपट. आणि मोटार सुरूच होऊ शकली नाही, नुसती गुणगुणत राहिली, तर धारा नेहमीच्या पाच-सहा पट होते. मग वार्निश जळल्याचा वास यायला फार वेळ लागत नाही. वीज आली की एकाच डीपीवरच्या सगळ्या मोटारी एकदम सुरू होतात, तेव्हा हेच घडते.

म्हणजे ओहमचा नियम चुकला का? नाही. दिवा, इस्त्री, शेगडी यांच्या बाबतीत व्होल्टेज उतरले की धारा कमीच होते. मोटार ही नुसती रोध असलेली तार नाही, एवढेच मी सांगायचे राहिलो होतो. नियमाबरोबर त्याची हद्द शिकवली नाही की नियम फसवा होतो.

हे सगळे निव्वळ पुस्तकी पांडित्य आहे असे कोणाला वाटेल, म्हणून जिवाशी खेळ होतो असे एक उदाहरण सांगतो. 'वीज जमिनीत मुरते' हा समज आपल्याकडे सर्वत्र आहे. पंपाजवळ एक गज ठोकला, त्याला तार बांधली, की अर्थिंग झाले! आता साधे गणित करू. कोरड्या मुरमाड जमिनीत त्या गजाचा रोध ५० ओहम भरला असे धरा. पंपाच्या लोखंडी अंगात २३० व्होल्ट उतरले, तर जमिनीत जाणारी धारा २३० भागिले ५०, म्हणजे फार तर ४.६ अँपिअर. फ्यूज १५ अँपिअरचा. तो उडणारच नाही. पंपाच्या अंगावर जवळजवळ सगळे व्होल्टेज तसेच राहील आणि ओल्या पायांनी त्याला हात लावणारा माणूस प्राणाला मुकेल. जमीन वीज गिळत नाही. धारा जमिनीतून ट्रान्सफॉर्मरकडे परत जाऊ पाहते, आणि त्या वाटेत रोध किती आहे यावर सगळे अवलंबून असते. अर्थिंगच्या खड्ड्यात मीठ-कोळसा घालून पाणी घालायचे ते याचसाठी, रोध कमी राहावा म्हणून. आणि फ्यूज असतो तो तारा जळू नयेत यासाठी. माणूस वाचवायला तो पुरेसा नाही.

माणूस वाचवणारे उपकरण वेगळे आहे. ईएलसीबी किंवा आरसीसीबी या नावाने ते बाजारात मिळते. त्याचे काम समजले की आपले आजचे सगळे मुद्दे एकत्र येतात. जाणारी आणि येणारी अशा दोन्ही तारा त्यात एका चुंबकीय कड्यातून नेलेल्या असतात. जितकी धारा गेली तितकीच परत आली, तर दोघींचे चुंबकीय परिणाम एकमेकांना खोडून काढतात आणि कडे शांत राहते. पण काही धारा माणसाच्या अंगातून जमिनीत गेली, तर हिशेब जुळत नाही. कड्यात बदलते चुंबकीय क्षेत्र तयार होते, त्यावर गुंडाळलेल्या वेटोळ्यात फॅरडेच्या नियमाने धारा वाहते आणि खटका पडतो. घरगुती उपकरणात हा फरक ३० मिलिअँपिअर झाला तरी पुरतो. धारा खर्च होत असती, तर हे उपकरण चाललेच नसते.

मग आम्हा शिक्षकांचे चुकते कुठे? शिक्षक म्हणजे कालचा विद्यार्थीच. त्याला जे कोणी प्रत्यक्ष करू दिले नाही, ते तो पुढे नुसते सांगतो. परीक्षा सूत्रांची, त्यामुळे चुकीचे चित्र मनात ठेवूनही उत्तम गुण मिळतात आणि चूक झाकली जाते. शेजारच्या मध्य प्रदेशात १९७२ ते २००२ या काळात होशंगाबाद विज्ञान शिक्षण कार्यक्रम चालला. त्यात गावच्या शाळांतले शिक्षक आधी स्वतः विद्यार्थी होऊन प्रयोग करीत आणि शास्त्रज्ञांशी वाद घालत. त्याच कार्यक्रमातून प्रेरणा घेतलेले अरविंद गुप्ता २००३ पासून दहा-अकरा वर्षे पुण्यात आयुकाच्या विज्ञान केंद्रात होते. सेल, सेफ्टी पिना, चुंबक आणि तांब्याची तार यांची मोटार त्यांनी असंख्य मुलांना करायला शिकवली. मुंबईचे होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्र १९७४ पासून याच वाटेवर आहे. मी त्यांच्याकडून एकच युक्ती घेतली. प्रयोग करण्यापूर्वी प्रत्येकाने 'काय होईल' ते वहीत लिहायचे. मग प्रयोग. अंदाज चुकला की चूक डोळ्यांसमोर उघडी पडते, आणि मग ती आपोआप दुरुस्त व्हायला लागते. गुरुजींनीही लिहायचे बरे का! माझे अंदाज मुलांसमोर अनेकदा चुकले. त्यामुळे माझा मान कमी झाला असे मला तरी जाणवले नाही.

हे प्रयोग घरी जरूर करून पाहा, पण सेलवरच. घरातल्या प्लगच्या वाटेला जाऊ नका. आणि आपल्या घरात, शेतावर अर्थिंग आणि ईएलसीबी आहे का, हे परवानाधारक वायरमनकडून एकदा तपासून घ्या.

मांजरी बुद्रुक २०२१ मध्ये पुणे महापालिकेत आले. उसाच्या जागी इमारती उभ्या राहिल्या. मध्यंतरी तो मागच्या बाकावरचा विद्यार्थी मला स्टेशनजवळ भेटला. आता त्याचेच केस पिकले आहेत. मी त्याला म्हटले, "अरे, दहावीत तू मला मोटारीचा प्रश्न विचारला होतास. मी उत्तर चुकीचं दिलं होतं." आणि रस्त्याच्या कडेला उभा राहून मी त्याला सगळे समजावून सांगितले.

त्याने शांतपणे ऐकून घेतले. मग हसून म्हणाला, "सर, मी त्याच संध्याकाळी वायरमनला विचारलं होतं. तो म्हणाला, थकलेली मोटार जास्त ओढते. पण का ओढते ते त्यालाही माहीत नव्हतं. ते आज कळलं."

मला ते ऐकून बरे वाटले. पण त्या दिवशी वर्गात मी नुसते "मला माहीत नाही, आपण शोधू" असे म्हटले असते, तर आम्हा दोघांनाही इतकी वर्षे थांबावे लागले नसते.

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित अंश)